साकाची आई

कापणीच्या तोंडावर मुलाने आईला परदेशात बोलवावं, यात काहीतरी काळंबेरं आहे, हे हौसामावशीने फोन ठेवायच्या आतच ठरवून टाकलं होतं.

"भात उभं हाय शेतात, आन हा म्हनतो ये. उन्हाळ्यात काय झोपला व्हता?" ती मला म्हणाली.

पासपोर्टच्या कामासाठी ती पेणला माझ्याकडे आली होती. हौसामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. कासू स्टेशनापासून आत तिचं गाव. पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल, एवढी तिची शेती. सखा तिचा एकुलता एक. आयटीआय करून तो रोह्याकडे एका कारखान्यात लेथवर लागला आणि तिथूनच कुणाच्या तरी ओळखीने जपानला गेला. तिथे डोंगराच्या पायथ्याच्या एका लहानशा गावात, पंपाचे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो काम करायचा. फोन नेमाने करायचा, लग्नाचा विषय निघाला की मात्र त्याची रेंज जायची.

"अगं, तिकडे देवळाचा उत्सव आहे म्हणतोय. तुला दाखवावंसं वाटलं असेल," मी म्हटलं.

"उत्सव हितं नाय का? दसऱ्याला रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, तिला खांदा द्यायला चार वर्सात आला नाय. आन मला म्हनतो, तिकडचा उत्सव बघायला ये."

माझ्यावरही तिचा संशय होताच. सखाने मला आतलं काहीतरी सांगितलं असणार आणि मी ते लपवते आहे, असं तिला वाटत होतं. तिने दोनदा तसं विचारलंही.

मावशी आधीपासून अशी नव्हती. तिचा नवरा गोविंदा रोह्याला कंपनीत होता. लग्नानंतर काही वर्षांनी त्याच्या डबल शिफ्ट वाढल्या. आठवड्यातून एखादा दिवस तो घरी यायचा, कपडे धुवायला टाकायचा, जेवायचा आणि पुन्हा जायचा. मग कपडे धुवायला येणंही बंद झालं. मावशीने सासूला विचारलं, दिराला विचारलं, शेजारणीला विचारलं. सगळे म्हणाले, काही नाही गो, कामाचा भार आहे. एका दुपारी ती रोह्याला गेली, कुंडलिकेचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात शिरली आणि एकेक आळी बघत चालली. एका घरासमोरच्या दोरीवर गोविंदाचा शर्ट वाळत होता. खिशाखाली तिनेच घातलेले टाके होते. दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती आणि आत लहान मूल रडत होतं. मावशी तशीच मागे फिरली. तिला नवऱ्यापेक्षा जास्त राग आला तो सगळ्या गावाला हे ठाऊक असल्याचा. तेव्हापासून कुणी गोड बोललं की ती त्याच्याकडे नीट बघत राहते.

गोविंदा पुढे अष्टमीतच राहिला आणि तिथेच वारला. मावशीने सखाला एकटीने वाढवलं.

तर अशी ही बाई, भावजयीवर कापणी सोपवून, नऊवारी नेसून आणि सुक्या बोंबलांची पुडी पिशवीत खोल दडवून जपानला पोचली. पुडी विमानतळावर काढून घेतली. तो तिचा तिथला पहिला अनुभव.

सखा वर्कशॉपच्या माळ्यावर राहायचा, पण आईची सोय त्याने मालकाच्या घरी केली होती. मालकाचं नाव निशिमुरा. पाठीत वाकलेला, कमी बोलणारा म्हातारा. त्याची बायको फुमी लहानखुरी होती आणि सारखी हालचाल करत असायची. तिने मावशीला दारातच कमरेत वाकून नमस्कार केला, आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं, मासा भाजला, बसायला उशी दिली आणि थंडी वाजेल म्हणून गुडघ्यांवर पांघरूणही घातलं. मावशी अवघडून बसून होती. ओळख ना देख, आणि एवढं कशासाठी?

मग ती बघू लागली. सखा त्या घरात शिरताना बूट काढून ज्या सपाता घालायचा, त्या ठरलेल्या जागी असायच्या. त्याचा भाताचा वाडगा म्हाताऱ्याच्या वाडग्याशेजारी कपाटात होता. फुमी त्याला जेवताना काहीतरी पुटपुटायची आणि तो निमूटपणे आणखी भाजी वाढून घ्यायचा. आईने सांगितलं असतं तर त्याने तोंड वाकडं केलं असतं. आणि दोघंही त्याला साका म्हणायचे.

"तुझं नाव बदललं ह्यांनी?" मावशीने विचारलं.

"नाय गो आये. त्यांना ख म्हणता येत नाय."

तिला ते पटलं नाही. तिच्या मते म्हातारी घसा खाकरताना चांगला ख काढत होती.

बाहेरच्या खोलीत लाकडी देव्हाऱ्यासारखं कपाट होतं. त्यात एका तरण्या पोराचा फोटो होता, निळा कोट घातलेला, कपाळाला फडकं बांधलेला, हसणारा. फुमी रोज सकाळी त्याच्यापुढे वाटीभर भात ठेवायची आणि बारीक घंटा वाजवायची.

"ह्यो कोन?"

"त्यांचा मुलगा. केन्जी. मोटारसायकलवरून गेला. मी यायच्या आधीच."

"दुसरं मूल?"

"नाय."

मावशीच्या डोक्यात तिथे सगळं एका जागी बसलं. पोरगा गेलेलं घर, वर्कशॉपला वारस नाही आणि तिचा सखा हाताशी. पुढच्या दिवशी फुमीने तिच्यासाठी लोकरीचे मोजे आणले, तेव्हा मावशीने ते घेतले, पण घातले नाहीत.

उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी फुमीने वरच्या फळीवरून एक चपटी पेटी काढली. पांढऱ्या कागदाच्या घड्या उलगडून तिने आतून निळा कोट बाहेर काढला, हाताने सुरकुत्या सारख्या केल्या आणि मावशीच्या समोरच सखाच्या हातात दिला. देताना ती मावशीकडे बघून काहीतरी बोलली. सखाने त्याचं मराठी केलं नाही. तो कोट घेऊन वर्कशॉपकडे निघून गेला.

सकाळी सगळे देवळाकडे निघाले. वाटेवर दोन्ही बाजूंना उंच काठ्यांना झेंडे लावले होते. शेतं बहुतेक कापून झाली होती आणि भाताच्या पेंढ्या आडव्या बांबूंवर उलट्या टांगून वाळत घातल्या होत्या. मावशीने वाटेत थांबून एक लोंबी हातात घेऊन दाबून बघितली. दाणा आखूड आणि भरलेला होता. घरची कापणी कुठवर आली असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला आपल्याला इथे बोलावल्याचा पुन्हा राग आला.

देवळाच्या आधी दगडी कमान होती. तिच्याखालून जाताना सगळे वाकले, म्हणून मावशीही वाकली. पुढे पाण्याचं कुंड होतं. लाकडी पळीने पाणी घेऊन हात धुवायचे, चूळ भरायची. हे तिला पटलं. देवळाच्या दारावर भाताच्या पेंढ्याचा जाड वळलेला दोर बांधला होता आणि त्याला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लटकत होत्या. आत नव्या भाताची जुडी, भोपळे, मासे, दारूच्या बाटल्या असा नैवेद्य मांडला होता. लोक दोनदा वाकत, दोनदा टाळ्या वाजवत, पुन्हा एकदा वाकत. मावशी मान वाकडी करकरून आत बघत राहिली.

"देव कुठं हाय?"

"आत हाय. दार बंद असतं. दिसत नाय."

"कोनालाच?"

"कोनालाच."

न दिसणाऱ्या देवाला तिने हात जोडले, पण नवस काही बोलली नाही.

मग पालखी निघाली. आमच्यासारखी पालखी नव्हे, काळ्या लाकडाचं आणि सोनेरी पत्र्याचं छोटं देऊळच होतं ते, वर पंख पसरलेला सोनेरी पक्षी. जाड वाशांवर ते उचलून गडीमाणसं ओरडत निघाली, वाश्शोई, वाश्शोई. ढोल वाजत होता, बासरी वाजत होती. ते पालखी वर उडवत, खाली झेलत, डावीउजवीकडे हेलकावे देत. धावीर महाराजांची पालखी खांद्यावरून जाताना लोक तिला किती जपतात ते बघत आलेल्या मावशीला हे सहन होईना.

"देवाला असं हादरवतात?" ती शेजारी उभ्या असलेल्या निशिमुराला मराठीत म्हणाली. त्याने मान हलवली. त्याला काय कळलं कोण जाणे.

पुढच्या वाशाखाली, डाव्या बाजूला, सखा होता. घामाने भिजलेला, कपाळाला फडकं बांधलेला, तोंड उघडून ओरडणारा. मावशीने त्याला इतकं मोठ्याने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांच्या अंगात निळे कोट होते, पण सखाच्या कोटाचा निळा रंग फिका पडला होता आणि गळपट्टीवर रफू केलेलं होतं. ती गर्दीतून वाट काढत पालखीच्या बाजूने चालू लागली, त्या रफूवरची नजर न काढता.

दुपारी पालखी वर्कशॉपसमोर लाकडी घोड्यांवर टेकवली. माणसांना भाताचे गोळे आणि चहा दिला. मावशी सखापुढे जाऊन उभी राहिली.

"ह्यो कोट त्या फोटोतल्याचा हाय."

"आये, सगळ्यांचे सारखेच असतात."

"सगळ्यांचे धड हायेत. ह्याला रफू हाय. म्हातारीनं काल पेटीतून काढला, मी बगितला. मेल्याचा कोट जित्याला घालतात का?"

सखा घाम पुसत राहिला. मग म्हणाला, "केन्जीचा हाय. घालायला कोन नाय म्हणून तिनं दिला."

"तुला पोरगा करून घ्यायचं ठरलंय ह्यांचं. व्हय का नाय?"

"तसं बोलणं झालंय."

"कोनी काढलं बोलणं?"

"त्यांनीच. विचारलं मला." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुला सांगनार होतो. उत्सव झाला की."

तेवढ्यात फुमी चहाचे पेले घेऊन आली. दोघांची तोंडं बघून तिला काहीतरी कळलं असावं. पेले खाली ठेवून ती मावशीपुढे वाकली आणि हळू आवाजात, थांबत थांबत, बरंच काही बोलली. तिचे डोळे भरून आले होते. बोलून झाल्यावर ती सखाकडे बघू लागली.

"ती म्हणते, तुम्ही आलात, बरं वाटलं," सखा म्हणाला.

मावशीने फुमीकडे बघितलं, मग सखाकडे.

"येवढं लांबलचक बोलली, आन त्याचं येवढंसंच?"

मावशीने फुमीचं मनगट धरलं आणि तिला घेऊन ती चालू लागली.

देवळाच्या रस्त्यावर खाण्याच्या टपऱ्या लागल्या होत्या. त्यातली एक खडका नावाच्या नेपाळी माणसाची होती. सकाळी मावशीचं लुगडं बघून त्याने नमस्ते माताजी म्हणून हाक मारली होती. मावशी तिथे थांबली. तिचं हिंदी बाजारापुरतं, पण तेवढं पुरेसं होतं.

"तू मेरे लडके को जानता?"

"खाना खाने आता है कभी कभी, माताजी."

"दोस्त नही ना उसका?"

"नहीं. ग्राहक है."

"तो सच बोलना. ये औरत अभी मेरे को क्या बोली, इसको फिर से बोलने को बोल. आन जितना बोलेगी उतना सब मेरे को बता. कम नही करने का."

खडकाने तव्याखालचा गॅस बंद केला. फुमी आधी गोंधळली, पण तिने मनगट सोडवून घेतलं नाही, तसंच राहू दिलं आणि पुन्हा बोलली. खडका ऐकत होता. एकदा त्याने मधेच तिला काहीतरी विचारून खात्री करून घेतली.

"माताजी, ये माफी माँग रही है," तो म्हणाला. "आपके बेटे ने दो साल पहले इनको पूछा था कि मुझे अपना बेटा बना लो, अपना नाम दे दो. इन लोगों ने ना बोला. फिर उसने दुबारा पूछा. तो इन्होंने कहा, तेरी माँ ज़िंदा है. पहले माँ को बुला, माँ के सामने बात होगी."

मावशीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "किसने पूछा? इन लोगोंने?"

"नहीं. आपके बेटे ने."

"फिर से पूछ."

खडकाने पुन्हा विचारलं. फुमीने मान हलवली आणि एकच शब्द बोलली. साका.

"कोट कायकू दिया, वो पूछ."

"बोलती है, कोट भी उसने माँगा था. पिछले साल नहीं दिया. इस साल आप आईं, तो आपके सामने दिया. पीठ पीछे देती तो चोरी होती."

मावशीने मनगट सोडलं. एवढे दिवस ती ज्या बाईवर नजर ठेवून होती ती समोर उभी होती आणि ज्याच्यावर नजर ठेवायला हवी होती तो मागे येऊन थांबला होता. सखाने सगळं ऐकलं होतं.

ढोल पुन्हा वाजायला लागला होता आणि माणसं पालखीकडे परतत होती. सखा जागचा हलेना.

"जा," ती म्हणाली. "देव मधेच सोडतात का? खांदा दे जा."

पालखी देवळात परत गेली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. मावशी देवळाच्या दगडी पायऱ्यांवर बसली होती. सखा कोटाची घडी करून शेजारी येऊन बसला.

"मी काय कमी केलं?" तिने विचारलं.

"तू नाय गो."

"मग?"

"बाबाचं नाव नको मला." तो घडीवरून हात फिरवत होता. "बाबा गेला तेव्हा अष्टमीला नेलंस मला. तिकडचा पोरगा आन मी, दोघं उभे. भटजी म्हणाला, मुलगा कोण? कोनी हसलं नाय, पण सगळे बघत व्हते. शाळेत, आयटीआयला, कंपनीत, जिथं पूर्ण नाव सांगितलं तिथं कोनीतरी विचारायचंच, गोविंदाचा म्हणजे कुठल्या घरचा? हितं कोनी विचारत नाय. पण कागदावर तेच नाव हाय."

मावशी समोर बघत राहिली. पायऱ्यांच्या खाली फुमी आणि निशिमुरा रस्त्यावरचे कागदाचे तुकडे वेचत होते. मुद्दाम लांब थांबले होते, हे तिच्या लक्षात आलं.

"माझ्याशी खोटं बोललास. त्यांनी विचारलं म्हणालास."

"तुला वाईट वाटलं असतं."

"त्या म्हातारीला मी चार दिवस चोर समजत व्हते. तिला वाईट नाय वाटलं?"

सखाने खाली कागद वेचणाऱ्या फुमीकडे बघितलं.

"बापाचं नको तर नको," मावशी म्हणाली. "पन आई हाय ना? मी मेले नाय. माझं नाव लाव."

"आईचं नाव कुठं लावतात आये?"

"का नाय लावत? वाढवलं कोनी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकाच्या मदतीने, सखाला खोलीबाहेर ठेवून, मावशीने फुमीला आपलं म्हणणं सांगितलं. काम द्या, घर द्या, जेवायला घाला, रागवा. नाव मात्र त्याचं आणि माझं राहील. फुमीने ते नीट ऐकून घेतलं आणि मग उठून तिने कपाटातून लोकरीचे मोजे आणले, जे मावशीने घेऊन तिथेच ठेवून दिले होते. मावशीने ते तिच्यासमोर पायात घातले.

ती परत आली तेव्हा भात घरात आलं होतं. वाल पेरायला अजून वेळ होता. गावात तोवर बातम्या फुटल्या होत्या, कशा ते देव जाणे. सखा तिकडे दत्तक गेला, त्याने धर्म बदलला, मावशीने लेक देऊन टाकला. ती कुणाला समजावत बसली नाही. तिला जास्त काळजी सखाची होती. तो हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता, आणि फोनवर त्याचा आवाज तिला उगीच मऊ वाटायचा.

त्यानंतर सगळं जगच घरात बसलं आणि त्याला इकडे येता आलं नाही. पुढे तो आला, दोनेक आठवडे राहिला, पेणला माझ्याकडे येऊन वकिलाकडे खेटे घातले आणि नाव बदलून घेतलं. सखाराम हौसा. अर्जावर सही करताना त्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले, पण डोळे पुसलेले मी बघितले. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बगू."

निशिमुरा म्हातारा आता थकला आहे आणि वर्कशॉप सखाच बघतो. गेल्या महिन्यात त्याने व्हिडिओ कॉलवर दारावरची नवी पाटी आईला दाखवली. सगळी जपानी अक्षरं. खाली लहान अक्षरांत तुझं नाव आहे, असं तो म्हणाला. फुमीही मागून मान हलवत होती.

मावशीने फोन ठेवला आणि तडक मला लावला.

"त्यानं फोटो धाडलाय. तुझ्याकडे पाठवते," ती म्हणाली. "पेणला जपानी वाचनारं कोन हाय का गो?"